एकोणीस की सव्वीस

शनिवारी दोनच्या ठोक्याला लुशस टॉलिव्हर माइकसमोर बसायचा, आणि पहिलं गाणं अर्ध्यावर येतंय न येतंय तोच टेलिफोनचा लाल दिवा लागायचा. स्टुडिओत घंटी वाजून चालत नाही, म्हणून तिथं दिवाच होता. माइक बंद आहे ना हे लुशस दोनदा बघायचा आणि मग रिसीव्हर उचलायचा. पलीकडे कोण आहे ते विचारावं लागत नसे.

"ड्रमवाला घाई करतोय," मिस व्हर्ना म्हणाल्या.

"तो सगळ्यांच्याच रेकॉर्डवर घाई करतो."

"मग लावतोस कशाला?"

"बाईसाठी लावलं. आता दुसऱ्या कडव्यात कशी येते ऐका. सगळे पुढं निघून गेले असं वाटतं, आणि मग ती येते. आरामात."

"उशिरा येते."

"उशिरा नाही हो. काल आपल्या पिचरनं शेवटचा चेंडू टाकला ना, तसं. बॅट फिरवून झाली आणि मग चेंडू आला."

"तो दमला होता, लुशस. म्हाताऱ्याचा हात. तुला त्यातही कला दिसते."

गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं. टपाल खात्यातून लवकर निवृत्त झालेला लुशस ओमाहाच्या चोविसाव्या रस्त्यावर, एका न्हाव्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, रेडिओवर तीन तास जुन्या रेकॉर्डी लावायचा. आणि मिस व्हर्ना पीक, वय एकाहत्तर, म्हाताऱ्या लोकांसाठी बांधलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसून प्रत्येक गायिकेतली खोट काढायच्या. तो त्यांचा हक्कच होता असं लुशस मानायचा. कारण एकोणीसशे चाळीस ते पन्नासच्या दरम्यान त्या स्वतः रॉली बॅस्केटच्या बँडमध्ये गायच्या, याच रस्त्यावर, इथून तीन चौक खाली. पुढं बँड मोडला, मिस व्हर्ना हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या आवाजाची एकही रेकॉर्ड निघाली नाही. रॉलीच्या बँडचीच निघाली नव्हती.

म्हणजे, गेल्या महिन्यापर्यंत असं सगळे धरून चालले होते.

मे महिन्यात रॉलीच्या मेव्हण्याचं घर रिकामं करताना माळ्यावर एक पेटी सापडली. त्या मेव्हण्यानं कधीकाळी घरी रेकॉर्ड कापायचं यंत्र घेतलं होतं आणि ते तो कधीकधी रॉलीच्या नाचालाही न्यायचा. पेटीत अकरा काळ्या तबकड्या होत्या. दहांवरचा थर सुटून पापुद्रे आले होते. अकरावी वाजली. तिच्यावर रॉलीचंच एक संथ गाणं होतं, गाडीची वाट बघणाऱ्या बाईचं, आणि ते एक बाई गात होती. तबकडीवर चिठ्ठी नव्हती, तारीख नव्हती. शिकागोच्या मॉर्टन फेल्ड नावाच्या माणसानं ती विकत घेतली. तो अशा विसरलेल्या बँडांची एक मोठी रेकॉर्ड काढत होता. त्यानं लुशसला कॅसेटवर नक्कल करून पाठवली आणि लिहिलं, की मागच्या बाजूला छापायची नावं पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हवीत. ट्रंपेट, पियानो, ड्रम सगळे ओळखू येत होते. प्रश्न गायिकेचा होता.

रॉलीकडे त्या वर्षांत दोन गायिका होत्या. एक मिस व्हर्ना. दुसरी ओडेसा क्रूम, त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. ती एक्कावन्न साली क्षयानं गेली. तिचीही रेकॉर्ड नव्हती. त्यामुळे या तबकडीवर जी कोण होती, तिचा जगात तेवढाच आवाज उरला होता. जी नव्हती, तिचा काहीच नाही.

लुशसनं कॅसेट पहिल्यांदा मिस व्हर्नांना फोनवरूनच ऐकवली होती. गाणं संपलं.

"तुम्हीच ना?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत?"

"म्हणजे काय? स्वतःचा आवाज..."

"मी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकला, लुशस? मी आतून गायचे. तू टेपवर पहिल्यांदा स्वतःला ऐकलंस तेव्हा काय म्हणालास?"

लुशसला आठवलं. तो म्हणाला होता, हा कोण चोंदलेल्या नाकाचा माणूस.

सुरावरून ओळखता येईल असं त्याला वाटलं. रेकॉर्ड नेमक्या वेगानं कापली गेली होती, कारण तिच्यात विजेची जी बारीक गुणगुण असते ती ठरलेल्या सुरावर होती. त्यावरून पट्टी अचूक कळत होती. तुमची पट्टी कोणती आणि ओडेसाची कोणती, त्यानं विचारलं.

"एकच," मिस व्हर्ना म्हणाल्या. "माझ्यासाठी खालच्या पट्टीत लिहून दे म्हणून मी तीन वर्षं रॉलीच्या मागे लागले होते. तो म्हणायचा, कागद संपलाय. शेवटी मीच वर जायला शिकले. आणि ओडेसा माझ्याकडूनच ते गाणं शिकली, श्वासासकट. आता बस शोधत."

मग लुशसला वही आठवली. रॉलीची एक पद्धत होती. मंगळवारी नाच असायचा आणि मंगळवारीच बहुतेक वेळा रेडिओवर गावाच्या टीमचा बेसबॉलचा सामना. लोक सामना ऐकायला घरी बसू नयेत म्हणून नाचघराच्या बारवर रेडिओ हळू आवाजात चालू असायचा, आणि गाणं संपलं की बारवाला बोटं दाखवायचा, रॉली माइकवर स्कोअर सांगायचा. तबकडीच्या शेवटीही टाळ्यांमधून रॉलीचा आवाज होता: "आपले सहा, प्यूब्लो पाच, आठवी इनिंग चालू, आत्ताच एक कुंपणापलीकडे गेला. कुणी घरी जायचं नाही."

आणि लुशसनं सेहेचाळीस सालापासून गावाच्या टीमचा एकही सामना सोडला नव्हता. प्रत्येक सामन्याचं पान त्याच्या वहीत होतं. पेन्सिलीनं आखलेले चौकोन, प्रत्येक चेंडूची खूण. बाहेरगावचे सामने तो रेडिओवर ऐकून लिहायचा. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र तो बघतसुद्धा नसे. वर्तमानपत्रवाला कुणाकडून तरी ऐकून छापतो, मी कानानं ऐकलंय, असं तो टपाल खात्यातल्या मित्रांना सांगायचा. ते म्हणायचे, हा टपाल सोडून बाकी सगळं बिनचूक पोचवतो.

रविवारी दुपारी तो वह्या घेऊन बसला आणि अर्ध्या तासात पान सापडलं. एकोणीस जुलै एकोणपन्नास, मंगळवार, प्यूब्लोच्या मैदानावर. आठव्या इनिंगमध्ये कुंपणापलीकडे होम रन, सहा-पाच. त्यानं वही मिटली आणि मिस व्हर्नांना फोन केला.

"एकोणपन्नासच्या जुलैत, एकोणीस तारखेला, तुम्ही कुठं होतात?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "टल्साला. आई अठराला गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर तारीख आहे. मी तेवीसला परत आले." मग त्यांनी विचारलं, "का रे?"

त्यानं सांगितलं. सांगताना त्याला आपला आवाज सामन्याचा निकाल वाचणाऱ्या माणसासारखा ऐकू आला.

"बरं," मिस व्हर्ना म्हणाल्या. "मग ओडेसाच. छान गायली पोरगी." आणि त्यांनी उद्याच्या सामन्यात डावखुऱ्या पिचरला उतरवणार का, असं विचारलं.

पुढच्या शनिवारी त्यानं कार्यक्रमात कॅसेट लावली आणि ओडेसा क्रूमचं नाव घेतलं. वही, पान, तारीख, सगळा पुरावा सांगितला. मिस व्हर्नांचा दिवा त्या दिवशी लागला नाही. लागला तो हॅटी गेन्सचा. हॅटी ही ओडेसाची धाकटी बहीण. बहीण आजारी पडली तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती.

"मिस्टर टॉलिव्हर," ती म्हणाली. मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "मला तिचा आवाज आठवतच नव्हता हो. मी कुणाला सांगितलं नाही कधी. चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज गेला होता."

"आता आठवला?"

"हाच असणार ना? तुम्ही म्हणताय म्हणजे."

लुशसला हे उत्तर कुठंतरी टोचलं. पण रेकॉर्ड संपत आली होती, दुसरी लावायला हवी होती.

चारच्या सुमारास आणखी एक दिवा लागला. एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज, दक्षिण ओमाहाच्या बोहेमियन लोकांचा असतो तसा, शब्द मोजून टाकणारा.

"माझं नाव एमिल कुचेरा. मी त्या वेळी रेडिओ स्टेशनवर होतो, सामन्यांच्या खोलीत. तुम्ही म्हणालात ती होम रन मीच मारली."

"तुम्ही टीममध्ये होतात?"

"छे हो. मी पट्टी मारायचो, लाकडाच्या ठोकळ्यावर. ठक्. ती होम रन."

लुशसला हे माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. बाहेरगावच्या सामन्याला निवेदक पाठवणं स्टेशनला परवडत नसे. तिकडून तारेनं फक्त दोन-दोन शब्द यायचे, आणि इथं खोलीत बसून निवेदक त्यातून पूर्ण सामना उभा करायचा. ढग, धूळ, पिचरनं टोपी सरळ केली, सगळं. शेजारी एकजण ठोकळा वाजवायचा आणि गर्दीच्या आवाजाची तबकडी लावायचा. माहीत असूनही ऐकताना ते आठवत नसे.

"फार छान ठोकळा वाजवायचात," लुशस म्हणाला, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"ते जाऊ द्या. मी फोन केला तो तारखेसाठी. तो सामना आम्ही दोनदा खेळलो."

"दोनदा?"

"पुढच्या मंगळवारी तिकडं पाऊस लागला. सामना झालाच नाही. पण इकडं पावरोटीवाल्यांच्या जाहिराती ठरलेल्या, दोन तास भरायचे होते. साहेब म्हणाले, जुनी तार काढा. मग आदल्या आठवड्याचीच काढली. सुरुवातीच्या इनिंग इकडच्या तिकडं केल्या, दोन-चार नावं फिरवली. आठवी तशीच ठेवली, कारण तीच रंगली होती. एकालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रसुद्धा आलं नाही."

लुशसला आपण रिसीव्हर धरलाय याचा विसर पडला. रेकॉर्डच्या शेवटी सुई नुसती खरखरत फिरत होती. खाली न्हाव्याच्या दुकानात हाच कार्यक्रम लागलेला असे; तिथून कुणीतरी छताला झाडूचा दांडा ठोकला.

घरी आल्यावर त्यानं कोट न काढताच वही उघडली. एकोणीस जुलैनंतर आठ पानं उलटली. सव्वीस जुलै, मंगळवार, प्यूब्लो. त्याच्याच अक्षरात. पहिल्या पाच इनिंग वेगळ्या, दोन खेळाडू वेगळे, आणि आठव्या इनिंगचा चौकोन अगदी तोच, होम रनचा काळा भरलेला हिऱ्याचा आकार. सहा-पाच. खाली त्यानं तेव्हा लिहिलं होतं, 'उत्तम सामना.' पाहिजे ते पान मिळाल्यावर तो रविवारी थांबला होता, आणि पुढची पानं बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

जो सामना झालाच नाही, तो त्यानं चेंडू-चेंडू लिहून ठेवला होता. बाहेर पाऊस पडत असलेल्या मैदानावर, त्याच्या वहीत, माणसं पळत होती. आणि त्याच्या तेव्हाच्या घरापासून चार चौकांवर, त्याच वेळी, त्याच रेडिओकडे एक कान ठेवून, दोघींपैकी कुणीतरी गात होती. तिकडं जायचं सोडून तो घरात पेन्सिलीला टोक करत बसला होता. आयुष्यात त्यानं त्या दोघींना प्रत्यक्ष ऐकलं ते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा नाचात इतका गुंतला होता की आता काही आठवत नव्हतं.

सव्वीसला मिस व्हर्ना गावात होत्या. ओडेसाचं त्याला माहीत नव्हतं. त्यानं हॅटीला फोन करून, कारण न सांगता, विचारलं. हॅटी म्हणाली, चोवीसला, रविवारी, चर्चहून आल्यावर तिला कर्नीच्या क्षयाच्या हॉस्पिटलात नेलं. मी पायरीवर बसून होते. का?

म्हणजे एकोणीस असेल तर ओडेसा, सव्वीस असेल तर व्हर्ना. मधला रस्ता नव्हता. आणि तबकडी दोन्ही दिवसांना सारखीच बसत होती.

बुधवारी तो कॅसेट आणि प्लेअर घेऊन मिस व्हर्नांकडे गेला. हॅटीलाही बोलावलं होतं. एकीला आधी सांगून दुसरीला मग सांगणं त्याला जमणार नव्हतं. मिस व्हर्नांनी कॉफी केली होती आणि शेजारणीकडून आणलेला रताळ्याचा केक कापून ठेवला होता. लुशसनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं; पाऊस, जुनी तार, दोन पानं.

"तुम्ही शनिवारी रेडिओवर सांगितलंत," हॅटी म्हणाली. "अख्ख्या गावाला."

"हो."

"मी आमच्या पास्टरना सांगितलं. डेट्रॉइटला भावाला सांगितलं."

"हॅटी, मी फक्त पहिलं पान बघितलं. चूक माझी आहे."

"बस तरी," मिस व्हर्ना त्याला म्हणाल्या. "उभा राहून माफी मागतोयस, पंच आऊट देतोय असं वाटतंय."

कॅसेट लावली. तिघं ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्यात 'फलाट' या शब्दाच्या आधी गाणारी बाई मध्येच श्वास घेते, जिथं घ्यायला नको तिथं.

"तो बघा," लुशस म्हणाला. "तो श्वास. मला आधी वाटलं, आजारी बाईचा श्वास. ओडेसा."

"ती खोकायची तेव्हा," हॅटी म्हणाली. "रात्रभर."

"मी आईला पुरून आले होते," मिस व्हर्ना म्हणाल्या. "आठवडाभर रडून घसा बसला होता. सव्वीसला माझाही श्वास पुरला नसता."

लुशसनं वहीत काही लिहिण्यासाठी पेन्सिल काढली होती, ती परत खिशात ठेवली.

पुन्हा लावली. या वेळी हॅटी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं मिस व्हर्नांकडे बघितलं. "तुम्हीच आहात."

"कशावरून?"

"शनिवारी मला ती वाटली, कारण यांनी सांगितलं. आज तुम्ही समोर बसलाय तर तुम्ही वाटताय. तुम्ही आत्ता दार उघडताना 'ये' म्हणालात ना, गाण्यातला 'दिवा' अगदी तसाच ओढून म्हटलाय."

"वेडी आहेस. 'दिवा' तर ओडेसाचाच. मी तो असा नाही ओढत. तो लाड तिचा. तिला मी सांगायचे, इतकं ओढू नकोस, ड्रमवाला झोपेल."

"मग तुमचं नाव लिहा म्हणते मी."

"आणि मी म्हणते तुझ्या बहिणीचं लिहा."

लुशस एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होता. दोघींनाही ते गाणं हवं होतं. हॅटीनं बशी हातात धरून ठेवली होती आणि केकला हात लावला नव्हता. मिस व्हर्ना प्लेअरच्या बटणाशी अंगठा घासत होत्या. आणि दोघी ते एकमेकींच्या गळ्यात घालत होत्या. याचा हिशेब त्याला लागेना.

"दोन्ही नावं लिहितो," तो म्हणाला. "मध्ये 'किंवा'. अशा यादीत तशी पद्धत आहे."

"किंवा," मिस व्हर्ना म्हणाल्या. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "बरं. किंवा."

शुक्रवारी सकाळी शिकागोहून फोन आला. मॉर्टन फेल्डला 'किंवा' नको होतं.

"ट्रंपेटवाल्याला किंवा चालतं, मिस्टर टॉलिव्हर. ड्रमवाल्याला चालतं. पण हे गाणं मी पहिलं घेतोय. मुखपृष्ठावर नाव येणार. लोक विचारतील, ही कोण? मी काय सांगू, दोघींपैकी एक?"

"खरं तेच आहे."

"तुम्हाला पन्नास-पन्नास टक्केच वाटतं?"

"सकाळी साठ-चाळीस वाटतं. जेवल्यावर चाळीस-साठ."

"चारपर्यंत एक नाव द्या. नाहीतर 'अज्ञात गायिका' छापतो."

लुशसनं मिस व्हर्नांना फोन केला. अज्ञात हा शब्द सांगताना त्याला लाज वाटली, जणू त्यानंच तो सुचवला होता.

"अज्ञात कशी?" मिस व्हर्ना म्हणाल्या. "दोन बायका माहीत आहेत, आणि छापायचं एकही नाही?"

"मी त्यांना तुमचं नाव सांगू का? तुमची शक्यता तेवढीच आहे. आणि तुम्ही..." तुम्ही जिवंत आहात, असं त्याला म्हणायचं होतं. ते तुमच्या हातात येईल, तुम्ही ते भिंतीला लावाल.

"मी काय?"

"तुम्हाला हवंय ते, मिस व्हर्ना."

मग त्या म्हणाल्या, "हवंय. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ती मी वाटते. सकाळी दात लावले की वाटत नाही. पण तू ओडेसाचं घाल."

"का?"

"तिचं घातलंस आणि चुकलं, तर चूक म्हणायला मी आहे. माझं घातलंस आणि चुकलं, तर तिच्या बाजूनं कोण बोलणार? हॅटी तेव्हा पायरीवर खडे खेळत होती."

"पण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नाही."

"मलाही नाही. तू तिचं घाल."

चारला दहा मिनिटं असताना लुशसनं शिकागोला नाव सांगितलं. सांगताना तो अडखळला, आणि मॉर्टन फेल्डला स्पेलिंग दोनदा विचारावं लागलं.

रेकॉर्ड सप्टेंबरात आली. मुखपृष्ठावर रॉलीचा बँड होता, उन्हात डोळे बारीक केलेला, आणि खाली ओडेसा क्रूमचं नाव. लुशसनं एक प्रत हॅटीला दिली, एक मिस व्हर्नांना. शनिवारी दोन वाजता तेच गाणं पहिलं लावलं. आधी, ठरवून, फक्त एवढंच म्हणाला, "रॉली बॅस्केटचा बँड, एकोणीसशे एकोणपन्नास. गायिका, ओडेसा क्रूम." त्याला आपण एखादा न झालेला सामना वाचून दाखवतोय असं वाटत होतं, आणि थांबताही येत नव्हतं.

गाणं अर्ध्यावर येण्याआधीच दिवा लागला.

"चुकलास," मिस व्हर्ना म्हणाल्या. "ती मी आहे."

"तुम्हाला कळलं? नक्की?"

"नाही."

"मग?"

"चूक म्हणायला मी आहे असं म्हटलं होतं ना? म्हणतेय. रेकॉर्डवर ती असू दे. तू जितक्यांदा लावशील तितक्यांदा मी फोन करणार. मला माइकवर घे."

"आत्ता?"

"ऐकणाऱ्याला कळू दे की भांडण चालू आहे. नाहीतर त्यांना वाटेल, ठरलं सगळं."

लुशसनं असं कधी केलं नव्हतं. फोन प्रक्षेपणात घ्यायचं बटण होतं, पण ते कुठलं हे त्याला आठवेना. गाणं संपलं, टाळ्या वाजल्या, रॉलीनं स्कोअर सांगितला, कुणी घरी जायचं नाही म्हणाला. लुशसनं अंदाजानं डावीकडचं बटण दाबलं.

"मी व्हर्ना पीक," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अख्ख्या खोलीत आला, फोनमध्ये येत असे त्याहून जाड, थोडा मागून येणारा. "आत्ता तुम्ही ऐकलंत ते बहुतेक मी गायलेय. नसेल तर मीच शिकवलेय. त्या मंगळवारी काय झालं ते सांगते, म्हणजे मला आठवतं तसं."

त्या बोलत असतानाच दुसऱ्या फोनचा दिवा लागला. हॅटी असणार. लुशसनं मिस व्हर्नांना थांबवावं की हॅटीलाही आत घ्यावं, हे त्याला कळेना. उरलेल्या दोन बटणांपैकी एक फोन तोडायचं होतं, एक दुसरा फोन आत घ्यायचं. त्यानं दोन्हींवर एकेक बोट ठेवलं.